मच्छिंद्रने यंत्राला सांगितलेलं वजन

थांबा, टाळ जरा थांबवा! मृदंगाचार्य, हात मांडीवर. आता फक्त कान उघडे ठेवायचे.

मंडळी, आज आपण बसलोय या ट्रक अड्ड्यावरच्या मारुतीसमोर. निम्म्यांच्या हाताला डिझेलचा वास, निम्म्यांच्या डोळ्यांत झोप. चालेल! आपला मारुतीराया तरी कोण होता? जड वाहतूकवालाच की! अख्खा डोंगर उचलून आणला — मागे लाल फडकं न बांधता!

हसा, हसा. आत्ता हसून घ्या. पुढे हसायला जागा नाही.

कारण मला आज एक प्रश्न विचारायचाय. वाट दाखवणाऱ्याने वाट दाखवली, आणि चालणारा दरीच्या तोंडाशी गेला — दोष कुणाचा? बोला! दाखवणाऱ्याचा? हात वर करा बरं. अरे वा! सगळेच! ताई, तुम्हीसुद्धा? बरं. मग ऐका मच्छिंद्र कुट्याची गोष्ट.

हा मच्छिंद्र सोलापूरकडचा. स्वतःची गाडी, स्वतःच ड्रायव्हर. फरशी वाहायचा. घरात तो आणि त्याची बायको शालन, दोघंच. माणूस वाईट का? छे! दारूचा थेंब नाही. देवळापुढून जाताना हॉर्न वाजवून नमस्कार करणारा! एकच खोड — त्याला थांबवलेलं खपायचं नाही. सिग्नल दिसला की कपाळावर आठी. फाटक पडलं की फाटकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार! आहेत ना असे आपल्यात? मान खाली घालू नका, मी नाव घेत नाहीये.

तर हा मच्छिंद्र आधी मोबाईलवर बघून गाडी चालवायचा. एकदा त्या मोबाईलने त्याला नेलं एका गावच्या बोळात. मोबाईलला काय माहीत, मागे ट्रक आहे की स्कूटर? गाडी अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. वर विजेच्या तारा, बाजूला कुणाचा तरी ओटा. अख्खा गाव गोळा! शेवटी लाईन बंद केली, ओट्याचा कोपरा फोडला, तेव्हा गाडी निघाली. घरी आल्यावर शालन म्हणाली, "अहो, जीव गेला असता तारंला चिकटून. ट्रकसाठीचं येगळं यंत्र मिळतं म्हणं. ते घ्या."

गेले दोघं शेटे नावाच्या दुकानदाराकडे. शेटे साधा माणूस, दुकान छोटं. त्याने दोन यंत्रं मांडली. पहिलं — बारीक, चकचकीत. लावलं की लगेच रस्ता! आवाज तर असा गोड, की मच्छिंद्र म्हणाला, "हेच द्या!" शेटे म्हणाला, "दादा, हे कारवाल्यांसाठी. ट्रकला हे दुसरं."

दुसरं लावलं. रस्ता दाखवायच्या आधी प्रश्न सुरू! गाडीची उंची किती? रुंदी किती? चाकं किती? मालासकट वजन किती? मच्छिंद्र वैतागला. "आयला, हे रस्ता दाखवायला आलंय की मुलगी बघायला?"

शेटे हसला नाही. तो म्हणाला, "दादा, याला डोळे नाहीत. तुम्ही सांगाल तेवढंच याला कळतं. कुठला पूल तुमचं वजन झेलील, कुठल्या वळणावर तुमची गाडी वळेल, ते हे सांगेल. पण आधी तुम्ही खरं सांगायचं. माल बदलला की वजन बदलायचं."

शालनने बोट ठेवलं. "हेच घ्या. इचारणारा बरा."

वा, माऊली! दोन शब्दांत सांगितलं! तुम्ही गुरू शोधायला निघता तेव्हा कुठला शोधता? विचारणारा, की गोड बोलणारा? राहू द्या. पुढे चला.

यंत्र बसलं काचेपाशी. शालनने त्याला हळदकुंकू लावलं. यंत्राने काम चोख केलं. इथून नको, पूल कच्चा आहे. तिथून नको, कमान बुटकी आहे. पण प्रत्येक वेळी लांबचा वळसा! आणि आपल्या मच्छिंद्राला थांबवलेलं, वळवलेलं खपत नाही — सांगितलं ना मी? ढाब्यावर तो करवादला, "हे यंत्र आहे की सासू?" तेव्हा शेजारचा एक ड्रायव्हर डोळा मिचकावून म्हणाला, "भावा, वजन कमी सांग की त्याला! ते काय काट्यावर चढवून बघतंय?"

बघा मंडळी! पाप कसं येतं? शिंगं लावून येत नाही. चहाचा कप हातात देत येतं. हसत येतं!

भाद्रपद होता. कोकणातल्या एका देवळाच्या अंगणासाठी फरशी निघाली. देवाचा माल! आणि शालनची आई तिकडेच, खाली, आजारी. म्हणून शालनही केबिनमध्ये बसली. यंत्राने मोठ्या घाटाचा रस्ता दाखवला — लांबून. शालन म्हणाली, "पोचायला रात हुईल का हो? आईच्या जिवात जीव न्हाई." झालं! मच्छिंद्राला कारण मिळालं. शालन पाण्याची बाटली भरायला उतरली, आणि त्याने बोटाने ते वजन पुसलं, चाकंही कमी केली. फरशीने भरलेली गाडी — आणि यंत्राला सांगितलं, मी रिकामा टेम्पो!

यंत्राने वाद घातला? नाही. शंका घेतली? नाही. "नवीन मार्ग सापडला," म्हणालं. दुसऱ्याच घाटाने, सरळ खाली!

शालन परत आली. पडद्यावर बघून तिने हात जोडले. "बघा, यंत्राला बी दया आली माझ्या आईची!"

 मच्छिंद्रने गाडी गिअरमध्ये टाकली.

आता जरा पुढे सरका. हा घाट मला दाखवायचाय तुम्हाला.

सुरुवातीला रस्ता बरा होता. मग झाडं जवळ आली. मग धुकं आलं. दुपारची वेळ — पण दिवा लावला तर उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून परत! डावीकडे डोंगर, त्यातून पाणी झिरपतंय. उजवीकडे — काही नाही. नुसतं धुकं. खाली किती खोल, कळत नाही. दगड पडल्याचा आवाज येतो, पण पोचल्याचा येत नाही!

आणि यंत्र शांतपणे म्हणतंय, "पुढे सरळ चला."

वळण आलं. गाडीचं नाक धुक्यात लोंबकळलं, मागचं चाक कडेच्या मातीवरून गेलं. माती ढासळली. शालनने दाराची मूठ धरली. गाडी वळवून मागे न्यावी? जागाच नाही! एवढं वजन घेऊन मागच्या मागे चढ चढवावा? अशक्य! एकदा उतरायला लागलं की उतरतच जायचं. पाय ब्रेकवर. परत ब्रेकवर. परत! केबिनमध्ये जळका वास यायला लागला.

तेव्हा शालनने हळूच विचारलं — हळूच हो! ओरडून नाही — "अहो, त्याला ठावं हाय ना, आपली गाडी केवढी ती?"

मंडळी! मच्छिंद्र पुढे मला सांगायचा, "महाराज, दरीची भीती वाटली, ती खरी. पण ह्या प्रश्नाची जी भीती वाटली, तशी जन्मात वाटली नाही." ती यंत्रावर भरवसा ठेवून बसली होती. यंत्र त्याच्यावर भरवसा ठेवून चालत होतं. आणि तो? तो कुणावर भरवसा ठेवणार?

तो म्हणाला, "आहे. आहे ना."

परत खोटं!

पुढचं वळण उतरल्यावर धुकं जरासं फाटलं, आणि खाली पूल दिसला. जुना, दगडी, अरुंद. कठडा एका बाजूने पडलेला. अलीकडे पाटी — जड वाहनांना बंदी! शालन शाळा शिकलेली, तिने वाचली. मग यंत्राकडे बघितलं. यंत्र म्हणालं, "पुढे पूल आहे. सरळ चला."

मच्छिंद्रने होता नव्हता तो जोर लावून गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. चाकांमधून धूर निघत होता. उतारावर उभी गाडी, मागे फरशीचा डोंगर.  आणि त्याच्या तोंडून निघालं —

"शालन, म्या त्याला खोटं सांगितलं. वजन खोटं सांगितलं. तू खाली उतर."

ती रडली का? भांडली का? नाही! तिने एकदा त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, "आत्ता सांगताय?" आणि उडी मारून उतरली. "थांबा, म्या दगुड लावते चाकाला!"

कडेचा मोठा दगड तिने दोन्ही हातांनी उचलला. मागच्या चाकांकडे वाकली. आणि त्याच क्षणी —

गाडी सरकली!

तापलेल्या ब्रेकने धर सोडला. तो पायाने दाबतोय, गाडी थांबत नाही! आरशात बघतोय — शालन दिसत नाही! "शालन! शालन, बाजूला हो!" उत्तर नाही. नुसतं चाकांचं कुरकुरणं. आणि समोर पुलावर, धुक्यात, दोन पिवळे दिवे. एसटी! बाजाराची माणसं भरलेली एसटी, पुलाच्या मधोमध!

सांगा! काय करावं त्याने? सरळ गेला तर एसटी, पूल, तो — सगळे खाली. उजवीकडे दरी. डावीकडे डोंगर. आणि डावीकडेच शालन उतरली होती! ती मागे आहे, की चाकाखाली, की पुढे पळाली — काही कळत नाही!

त्याने डोळे मिटले नाहीत. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, वेळच नव्हता. सगळ्या अंगाने स्टीअरिंग डावीकडे ओढलं.

धाड!

गाडीचं नाक डोंगरात घुसलं. गाडी थांबली, पण फरशी थोडीच थांबते? मागून ती सगळी पुढे आली. केबिनची मागची भिंत फुटली. सीट पुढे दाबली गेली, आणि मच्छिंद्राचा पाय त्या सांदीत असा सापडला, की त्याला पाय आहे हेच कळेना. धूळ. धूर. शांतता. "शालन!" — काही नाही. परत, "शाले!" — काही नाही.

आणि त्या शांततेत, फुटलेल्या काचेपाशी, यंत्र बोललं. "पुढे सरळ चला."

तो माणूस हमसून हमसून रडला हो! आपणच शिकवलेलं खोटं आपल्याच कानाशी, शांतपणे, आदराने!

मग फुटक्या खिडकीतून एक हात आत आला. चिखलाने भरलेला. बांगडी फुटून रक्त आलेला. त्याने तो धरला. शालन! गाडी सरकताच ती मागे चरात पडली होती, धक्क्याने तिची वाचा बसली होती, एवढंच. एसटीचा ड्रायव्हर घाग आणि बाजारची माणसं पहारी घेऊन धावली. फरशी एकेक करून काढली. मच्छिंद्र जगला. पाय मात्र गुडघ्याखालून गेला.

गोष्ट इथे संपली, असं वाटतंय ना? नाही संपली! खरा घाट पुढेच आहे.

तो दवाखान्यात पडलेला. बघायला येणारा प्रत्येक जण काय म्हणे? "यंत्रानं घात केला!" घाग म्हणाला, "असल्या यंत्रांवर बंदीच आणली पायजे." भाऊबंद म्हणाले, "त्या दुकानदाराला सोडायचा न्हाई!" आणि एक दिवस दारात तो दुकानदार उभा. शेटे. चेहरा उतरलेला, हातात मोसंब्यांची पिशवी. तो आत येईना. दारातूनच म्हणाला, "दादा, मला झोप येत नाही. मी दिलेल्या यंत्राने तुमचा पाय नेला का? एकदा खरं सांगा."

खोलीत सगळे भाऊबंद. बाह्या वर सारून सरसावलेले हात. मच्छिंद्र नुसता गप्प राहिला असता, तरी भागलं असतं! खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती. शेटे त्याच जागी मेला असता.

मच्छिंद्रने शालनकडे बघितलं.  ती फक्त वाट बघत होती.

आणि तो म्हणाला, "शेटे, आत या. यंत्रानं मला इचारलं होतं. मीच खोटं सांगितलं."

भाऊबंदांचे हात खाली आले. शेटे खुर्चीत बसला, आणि त्याच्या हातातली पिशवी घेऊन शालनने मोसंबं सोलायला घेतलं. पहिली फोड तिने नवऱ्याच्या हातावर ठेवली. अपघातानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली. "खा," म्हणाली. एवढंच.

आता मंडळी, मघाशी हात कुणाकुणाचे वर होते? आता का नाहीत?

अरे, तुम्ही रोज इथे येता. घंटा वाजवता. "देवा, वाट दाखव!" देव विचारतो, "बाळा, गाडीत काय भरलंय?" आपण काय सांगतो? "काही नाही देवा, रिकामा टेम्पो!" आत कुणाचा तरी द्वेष भरलाय. भावाशी धरलेला अबोला भरलाय. बायकोपासून लपवलेलं काहीतरी, ताडपत्री घालून, दोर आवळून! आणि मग वाट चुकली की देवळाच्या पायरीवर बसून देवालाच शिव्या!

शेजारी बसलंय त्याच्याकडे बघू नका. मी तुम्हालाच विचारतोय.

उद्या पहाटे तुम्ही गाड्या काढाल. पुढे कुठला पूल आहे, तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. भीती वाटते? वाटू द्या. मलाही वाटते! म्हणून आत्ता, या क्षणी, डोळे मिटा. मारुतीसमोर मोठ्याने काही म्हणू नका. मनातल्या मनात, फक्त त्याला ऐकू जाईल असं —

खरं वजन सांगा.

मी थांबतो. सांगून झालं की मगच टाळ वाजवा.