चौथा फॉस्फरस

हिमेजीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर काडेपेटीच्या कारखान्यातली दोन म्हातारी माणसं बसली होती. गुलाचा मसाला कालवणारे हामासाकी आणि पेट्या भरणाऱ्या सुमिए.

"उद्या ऑपरेशन, हामासाकीसान, आणि कागद अजून कोराच?"

"जामीन म्हणून नातेवाइकाचं नाव मागतात. आणू कुठून?"

"आणि कागदाच्या मागे हे काय काढत बसलात?"

"आपली पिवळी पूड, फॉस्फरस सल्फाइड. खाली तीन फॉस्फरस एकमेकांना धरून असतात. चौथा वर, एकटा."

"पडत नाही?"

"मधले तीन गंधक धरतात त्याला. दुसऱ्या फॉस्फरसला त्याचा हातच लागत नाही."

"चाळीस वर्षं पेट्या भरल्या, आज कळतंय. कुठंही घासली की काडी पेटायची, ती पूड हीच ना?"

"हीच. पाणी न घालता कालवली तर कालवणाराही पेटायचा."

"द्या इकडे तो कागद. मोठी बहीण लिहिते."

"खोटं कसं लिहायचं, सुमिएसान?"

"गेल्या वर्षी माझ्या कागदावर तुम्हाला धाकटा भाऊ लिहिलं होतं मी."

"मला बोलला नाहीत!"

"दवाखान्यानं तुम्हाला फोन करायची वेळच आली नाही."