माद्रिदचं ऊन

रोसारियो शहरातल्या एका सहलींच्या ऑफिसात माझ्यापुढे एक आजी आणि तिची नात काउंटरला टेकून बसल्या होत्या.

“ही सहल घ्या आजी, जुलैतली,” काउंटरवरच्या बाई म्हणाल्या. “ माद्रिद, पॅरिस, रोम. गाइड कायम सोबत.”

“माद्रिद नको बाई. तिथलं ऊन मला सोसत नाही.”

“मग नुसती इटलीची आहे. पण रोमलाही तेवढंच ऊन असतं हं.”

“आजी, माद्रिदसाठी तर मी पंधराव्या वाढदिवसाची पार्टी सोडून सहल मागितली! पार्टीत बाबांबरोबर नाचायचं असतं, आणि बाबा राहतात तिकडे माद्रिदला. मग कसली डोंबलाची पार्टी?”

“पॅरिसचा मनोरा बघ की, मिकाएला.”

“मनोऱ्याला मिठी मारू? माद्रिदला एक दुपार मोकळी आहे, इथं लिहिलंय. बाबा येतील हॉटेलवर.”

“तिथलं जेवणही तेलकट असतं म्हणे.”

“आजी, रविवारी दार लावून बाबांनाच फोन केला होतास ना?”

“हो.”

“काय म्हणाले?”

“कामं असतात गं त्याला.”

“दुपारभरसुद्धा?”

“माझा चष्मा कुठे गेला?”

“डोळ्यांवर आहे, आजी.”

“मग कुठली करू?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं.

“इटलीची करा,” नात म्हणाली. “माद्रिदचं ऊन आजीला सोसत नाही.”