नानांनी सोडलेले मासे

नाना : मी आधीच सांगून ठेवतो, शुभांगी. वाढशील, तर ताट तसंच राहील.

शुभांगी : राहू दे. सासऱ्यापुढं ताट ठेवणं माझं काम, खाणं तुमचं. खुर्ची जरा मागं घ्या, नाना, मला फ्रिज उघडायचाय.

नाना : कोळंबी हाय ना ती?

शुभांगी : कोळंबीच. सकाळी मासळी बाजारातून आणली. पाठीतले काळे दोरे काढले, हळद-लिंबू लावून ठेवली आणि मग शाळेत गेले. दुपारभर वर्गात बोटांना वास येत होता.

नाना : आन् मी मासे सोडलेत, ते तुला ठावं हाय.

शुभांगी : आहे ना. दोन वर्षांपूर्वी, आईंच्या दहाव्याला, रामकुंडावर. आणि डॉक्टर काय म्हणाले तेही ठाऊक आहे. न्यूमोनियातून उठून महिना झाला, नऊ किलो उतरलात. शुक्रवारी काटा हलला नाही तर पुन्हा ॲडमिट. अंडं नको, चिकन नको, डाळीनं पोट फुगतं. मग घालू काय तुम्हाला, वारा?

नाना : तुझ्या नवऱ्याला घाल ते.

शुभांगी : ललितची सेकंड शिफ्ट आहे. त्याच्यासाठी फ्लॉवरची भाजी झाकून ठेवलीय. हे तुमचं आहे.

(शुभांगी तव्यावर चमचाभर तेल सोडते. नाना खुर्ची मागं घेतात ती जेमतेम वीतभर. ओट्याजवळ यायचं नाही, पण तव्यावरची नजरही काढायची नाही, असा एकूण बेत.)

नाना : अगं, लय परतू नको. वाकडी झाली की उतरव, नायतर रबर होतं तिचं.

शुभांगी : सोडलेला माणूस फारच बारीक लक्ष ठेवून आहे!

नाना : सोडली म्हणून काय इसरलो व्हय? नाव काय म्हणलीस याचं?

शुभांगी : केसाडिया. मेक्सिकोचं आहे. मी आपली गव्हाची पोळी घेतलीय. अर्ध्या पोळीवर कोळंबी, कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे. वर थोडं चीज किसायचं, दुमडायची आणि दोन्हीकडून खरपूस भाजायची.

नाना : म्हंजी भरल्या पोळीची घडी की.

शुभांगी : लांबून आली म्हणून नाव मोठं. एक घास घ्या ना. माझ्यासाठी.

नाना : हट्ट नाय करायचा, पोरी. कावळ्यासमोर शब्द दिलाय मी. तू तिकडं बायकांत मागं उभी व्हतीस, तुला ठावं नाय काय झालं ते.

शुभांगी : मग सांगा. ही भाजेपर्यंत वेळ आहे.

नाना : पिंड ठेवला. तास झाला, कावळा शिवंना. रामकुंडावर कावळ्यांना काय तोटा? पण एक खाली येईल तर शपथ! समदे हात जोडून बोलले. ललित म्हणला, नानांना सांभाळतो. काय उपेग नाय. मग तुझ्या सासूचा भाऊ सहादू म्हणला, दाजी, अक्काचा जीव अडकला असंल. तिच्या आवडीचं एक कायतरी सोडा. बोला, काय सोडता?

शुभांगी : आणि तुम्ही मासे म्हणालात.

नाना : म्हणलो. आन् कावळा आला. शिवला.

शुभांगी : पण नाना, आई तर मासे...

नाना : तोंडात घालत नव्हती. पदर नाकाला लावून करायची आन् मला वाढायची. सहादूला ते ठावं व्हतं. असा बघितला माझ्याकडं! चारचौघांत बोलला नाय, भला माणूस.

शुभांगी : मग मासे का म्हणालात?

नाना : सुचंना गं. एकेचाळीस वर्सं संसार केला. चाळीस माणसं तोंडाकडं बघत्यात, आन् मला बायकोच्या आवडीची एक वस्तू सांगता येईना. मला काय आवडतं, तेवढं ठावं व्हतं. तेच बोललो. लाज वाटली. अजून वाटती. घास घेतला की सहादूचं तोंड दिसतं. पोटाचं दुखणं नाय ते.

शुभांगी : महिनाभर मी डाळी बदलत बसलेय. हे आधी बोलायचं नाही का?

नाना : काय तोंडानं बोलू?

शुभांगी : आईंना शिळी भाकरी आवडायची. दह्यात कुस्करून, वर लसणाची चटणी. तुम्ही फर्स्ट शिफ्टला गेलेले, ललित कामावर, माझी शाळा दुपारची. रोज दहाला आम्ही दोघी इथं, ओट्याशी फतकल मारून खायचो.

नाना : दही-भाकर?

शुभांगी : शिळीच हवी. ताजी दिली की तोंड वाकडं करायच्या.

नाना : एवढंच? ते तर घरातच व्हतं की.

शुभांगी : घरातच होतं.

नाना : मला कधी बोलली नाय.

शुभांगी : विचारलं असतंत तर बोलल्या असत्या. चूक तुमचीच आहे, नाना, मी गोड बोलून झाकणार नाही. पण त्यापायी उपाशी राहायचं आणि वर ते आईंच्या नावावर टाकायचं, हे मला पटत नाही.

नाना : मग करू काय आता?

शुभांगी : दही-भाकरी सोडा.

नाना : आत्ता? इथं? ना गुरुजी, ना गंगा.

शुभांगी : कावळा त्याचं काम करून गेला. आता तुमचं तुम्ही म्हणा.

नाना : ...यशोदे, दही-भाकर सोडली. उशीर झाला मला. आन् मासे तुझे नव्हतेच गं, माझेच व्हते. ते परत घेतो.

शुभांगी : वाढू?

नाना : वाढ. बघतेस काय अशी? वाढ म्हणलं ना.

शुभांगी : सावकाश. चीजचा चटका बसेल.

नाना : हं. ...मीठ कमी हाय.

शुभांगी : मीठ कमीच सांगितलंय.

नाना : पण कोळंबी बराबर शिजली. लुसलुशीत हाय. मक्याचा दाणा मधनंच गोड लागतो. आणखी एक टाक तव्यावर.

शुभांगी : दुसरी भाजतेच आहे. पाणी घ्या मध्ये.

नाना : तू पण बस. एकट्याला वाढून उभी काय राहतेस?

शुभांगी : माझं ताट घेतलंय ना. बसते.

नाना : हे काय? पिठलं?

शुभांगी : दुपारचं उरलं होतं.

नाना : उरलेलं ठेव तिकडं, यातलं घे. लय झालं मला एकट्याला.

शुभांगी : नको. मला नाही चालत ते.

नाना : म्हंजी?

शुभांगी : कोळंबीच्या वासानं मळमळतं मला. लहानपणापासून.

नाना : आन् सकाळपासनं तू ती निवडत व्हतीस?

शुभांगी : नाकाला रुमाल बांधला होता. तुम्ही खा.

नाना : किती वर्सं झाली तुला या घरात?

शुभांगी : अकरा. का?

नाना : मला ठावं नव्हतं.

शुभांगी : त्यात काय एवढं! खा नाना, गार होतंय.

नाना : होऊ दे गार. तुला काय आवडतं, ते सांग आधी.