थैलीतली नोटीस

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न. घर माझं, उतारा माझ्या नावाचा, आत राहतो दुसरा. मी ते परत मागितलं, तर मी पापी का? बघा, बघा — घरमालक लगेच ताठ बसले! आणि भाडेकरू माझ्याकडं असे बघतायत, जणू मीच त्यांचं सामान बाहेर काढलं! थांबा. निकाल नंतर, गोष्ट आधी.

मिरजेकडच्या एका गावात गणपत हिंगमिरे नावाचा पोस्टमन. बावीस वर्षं आप्पा चौगुल्यांच्या घरात, तळमजल्यावर भाड्यानं राहायचा. आप्पा तालमीचे वस्ताद! वय सत्तर, बायको वारलेली, वरच्या मजल्यावर एकटेच. रोज सकाळी खाली उतरणार, ओट्यावर बसून गणपतबरोबर चहा घेणार.

एक दिवस उतरायचेच बंद झाले! चहा नाही, बोलणं नाही. वर आप्पांच्या मेव्हण्याची ये-जा मात्र वाढली. गणपतनं काढायचा तो अर्थ काढला! बायकोला म्हणाला, "शेवंता, आप्पांनी घर विकायला काढलंय गं. आता आपण कुठं जायचं?"

मेव्हणा वर काय शिकवत होता, सांगू? "दाजी, नळ तोडा, कुलूप ठोका. चार दिवसांत बिऱ्हाड जातंय बघा!" असा सल्लागार प्रत्येक घरात एक असतोच. काय म्हणता, तुमच्या घरात नाही? मग तो तुम्हीच!

पण आप्पांनी वकिलाला बोलावलं. वकील म्हणाला, "वस्ताद, नळ तोडलात तर आरोपी तुम्ही! तुम्हाला स्वतःला घराची खरी गरज असेल, तर मागता येतं. पण कारण लिहून नोटीस द्यायची. नाही ऐकलं, तर दावा. मग कोर्ट बघणार, अडचण कुणाची मोठी. कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूची बादलीसुद्धा हलवायची नाही!"

"तसंच करा," आप्पा म्हणाले. "आडदांडपणा मी आखाड्यात केला नाही, घरात कशाला करू?"

नोटीस निघाली — रजिस्टर पोस्टानं! आणि गावात पोस्टमन किती? एक! सकाळी पोस्टात गणपत पत्रं लावतोय, आणि हातातल्या लिफाफ्यावर स्वतःचंच नाव! मागं नाव वकिलाचं. काय समजायचं ते तो समजला.

शेजारचा कारकून कानाशी लागला, "लिही 'घर बंद' आणि धाड परत. कोण विचारतंय?"

मंडळी, पेन हातात होतं! राहतं घर चाललेलं. मोह झाला — माणूसच तो! पण बावीस वर्षांत गणपतनं कुणाच्या पत्रावर खोटा शेरा मारला नव्हता. रजिस्टर आलं की दारात जायचं, हाक मारायची, सही घ्यायची. वाटेत गाठूनसुद्धा कधी दिलं नाही. त्यानं गावाची पत्रं वाटली आणि शेवटी आपल्याच दारात उभा राहून ओरडला — "हिंगमिरे! रजिस्टर!"

शेवंता बाहेर आली. "उन्हानं डोकं फिरलं का काय तुमचं?"

"सही पाहिजे."

"कुणाची?"

"माझीच!"

केली सही! स्वतःच दिलं, स्वतःच घेतलं, लिफाफा फोडला. आत लिहिलेलं — 'माझ्या अशिलाचे दोन्ही गुडघे निकामी झाले असून त्यांना जिना उतरता-चढता येत नाही. सबब तळमजला त्यांना स्वतः राहण्यासाठी हवा आहे.'

गणपत उंबऱ्यावरच बसला. घर विकायचं नव्हतं हो! माणूस वर अडकून पडला होता! शेकडो पोरांकडून बैठका मारून घेतलेला वस्ताद — 'माझे गुडघे गेले' म्हणायची त्याला लाज वाटली! वकिलाला सांगितलं, कारण कायद्यानं कारण विचारलं. ज्याच्याबरोबर बावीस वर्षं चहा घेतला, त्याला नाही सांगितलं.

गणपत धावत वर गेला. "आप्पा, एवढंच होतं व्हय?"

आप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. "कायद्यानं मागितलंय. मुदत हाय तुला."

"मुदत काय करायचीय? तुम्ही खाली या, आम्ही वर येतो!"

आप्पा गर्कन वळले. हे सुचलंच नव्हतं! त्यांना नाही, मेव्हण्याला नाही, वकिलालाही नाही! "वरचं घर... चालंल तुला?"

"दिवसभर गावाचे जिने चढतोय मी. त्यात हा एक!"

खालून शेवंता ओरडली, "माझं शिलाई मशीन तेवढं ओट्याजवळच्या खोलीत राहणार!"

"राहू दे की, पोरी!" वस्तादांनी वरूनच सांगितलं.

वकिलानं कागद केला, दोघांच्या सह्या झाल्या. भाडेकरू तोच, मजला तेवढा बदलला! आप्पांना खुर्चीसकट खाली आणलं, तेव्हा शेवंता हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. कित्येक दिवसांनी त्या घरातल्या तिघांनाही पोटभर जेवण गेलं.

तर पापी कोण? मागणारा नाही! आप्पांनी नीट, कायद्यानं मागितलं. चुकले एवढंच, की हक्क सांगितला आणि दुखणं गिळलं. आपण काय करतो? भावाशी, सुनेशी, शेजाऱ्याशी? हक्क सांगताना आवाज वाड्यावस्त्यांपर्यंत, आणि दुखणं सांगायचं म्हटलं की तोंडाला कुलूप! आज घरी जा, आणि ज्याच्याशी अबोला आहे त्याला खरं कारण सांगा. 'उद्या सांगू' नाही — आज!

हसू नका. हे आपले पेटीवाले तात्या महिनाभर माझ्याशी बोलत नाहीत. मी चारचौघांत म्हणालो, तुमचा सूर चुकतो. तात्या, इकडं बघा. सूर नाही चुकत तुमचा. मला डाव्या कानानं ऐकू येईनासं झालंय.

या, उजवीकडं बसा. हां — धरा सूर! म्हणा मंडळी, पांडुरंग हरी!