थोडं कमी हसा

फ्रीगंजच्या दवाखान्यात यज्ञेश्वरपंत खोकल्याच्या औषधासाठी बसले होते. शेजारच्या बाकावर नणंद-भावजय बोलत होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये हे पंतांना कळत होतं, पण कान काही ऐकेनात.

“जयूवन्सं, पिक्चर गजबच आहे. वेड्यांच्या इस्पितळातून सुटायला नायिका डॉक्टरसमोर शहाणपणाचं सोंग करते. डॉक्टर झालेला नटही काय बारीक नजरेचा! बघताना जीव टांगणीला लागतो.”

“डॉक्टर तिला काय विचारतो, माणिकवहिनी?”

“वार, तारीख, घरात कोण कोण आहे.”

“बाळाचं विचारतो?”

“पिक्चरमध्ये बाळ नाहीये, वन्सं.”

“मग तिला सोपं आहे.”

“तुम्हाला विचारलं, तर बाळ चैत्रात गेलं, एवढंच सांगा. नवं राज्य झालं, म्हणून तुमच्या श्रीधररावांची कचेरी नव्या राजधानीत, भोपाळला चालली. तुम्ही बऱ्या आहात अशी चिठ्ठी डॉक्टरांनी दिली, तरच ते तुम्हाला सोबत नेणार. नाहीतर...”

“नाहीतर इस्पितळात ठेवणार. माहीत आहे मला. ती डॉक्टरसमोर हसते कशी?”

“अगदी जरासं. असं.”

“असं?”

“थोडं कमी हसा.”

“आता?”

“हं. बिलकुल तिच्यासारखं.”

कंपाउंडरने जयूच्या नावाचा पुकारा केला. तिने पदर सावरला आणि ते हसू तसंच सांभाळत दारापर्यंत गेली. तिथून वळून हळूच म्हणाली, “वहिनी, इथे आवाज नका करू हं. आत्ताच झोपलाय तो.”

यज्ञेश्वरपंतांना जोराची उबळ आली. त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडावर घट्ट दाबून धरला.