कानबाईच्या आधी

(पारोळा. ताईबाईंच्या वर्षश्राद्धाचा दुसरा दिवस. त्यांचे यजमान नाना, धुळ्याहून आलेली लेक मेघा आणि सून दिपमाला.)

मेघा : म्हणजे सोमवारी दिपमालाची पिशवी काढायला नेणारच?

नाना : दवाखानानी तारीख लिधी शे. श्रावणमा कानबाई देवीनी पूजा शे. त्या टाईमले सून बाहेर बसनी तर निवदना रोट कोन करी?

मेघा : कानबाई स्वतः बाईच आहे ना? समजून घेईल.

नाना : थट्टा नको करू. तुनी मायनी बी काढेल व्हती.

मेघा : चौतिसाव्या वर्षी. पिशवीबरोबर दोन्ही बीजकोशही काढले. तिला कुणी सांगितलंसुद्धा नाही. मग डोळे गेले.

नाना : पोट खाले, डोया वर. काय संबंध?

मेघा : वा! भूगोल पक्का आहे तुमचा. बीजकोश गेले की बाईच्या शरीरातलं संप्रेरक आटतं. डोळ्याच्या नसेलाही त्याचा आधार असतो म्हणतात. ते फार लवकर आटलं तर काचबिंदूचा धोका वाढू शकतो.

नाना : हाई तुना धुयाना देवपूरना कॉलेजमा शिकाडतस का?

मेघा : डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आईला त्यामुळेच झालं, असं त्या छातीठोकपणे म्हणाल्या नाहीत. पण आईला पाळी कधी थांबली, हे विचारणारं पहिलं माणूस त्याच. तोवर उशीर झाला होता.

नाना : मी मोतीबिंदू समजनू. बठ्ठा लोक सांगेत, पिकू दे, मंग काढजो.

मेघा : आणि तुम्ही केळी घालावीत तसा बायकोचा डोळा पिकत घातला. मागच्या वर्षी तिला ओट्याची पायरी दिसली नाही; पडली ती उठलीच नाही.

नाना : (ताईबाईंच्या फोटोचा हार सरळ करतात.)

मेघा : दिपमाला, तुला पाळीचा काही त्रास आहे?

दिपमाला : नाही, ताई.

मेघा : मग डॉक्टरांना काय सांगितलं?

दिपमाला : नानाच बोलले. मी बाहेर बाकावर होते.

मेघा : छान. नाना, तुमची पाळी नियमित आहे ना?

नाना : मेघा! बापशी अशी बोलस?

दिपमाला : नाना, सोमवारी मी येणार नाही. तुमच्या पोराला मी सांगते.

नाना : आनि कानबाई? ऐन टाईमले तू बसनी तर?

दिपमाला : तर तुम्ही करा. तुम्हाला कधीच बाहेर बसावं लागत नाही.

नाना : मले कानबाईना गाना कोठे येतस? बठ्ठा ताईबाईलेच येयेत.

मेघा : शिका मग. श्रावणाला अजून वेळ आहे.