फार स्वच्छ पाणी

अल्माटीतल्या पाळीव माशांच्या दुकानात रांगेत उभ्या नुरियाला पुढच्या म्हातारीचं आणि दुकानदाराचं बोलणं ऐकू येत होतं.

“आपा, तुम्ही आणलेल्या पाण्यात नायट्रेट औषधालाही नाही. तुमचं प्रवाळ उपाशी मरतंय.”

“उपाशी? अरे, रोज काच पुसते, पाणी बदलते!”

“तेच नडलं. माशांची घाण हेच त्याचं खाणं. मासे कुठायत?”

“आमचे हे गेले ना. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला मासे ह्यांच्या मित्रांना वाटले, आठवण म्हणून.”

“मग एखादा मागा की परत.”

“मयताची आठवण कुणी परत मागतं का रे? ह्यांनी बोटभर तुकड्यापासून वाढवलंय ते. जगेल ना?”

“पांढरं पडलंय म्हणताय. शब्द नाही देत. नवा मासा देऊ?”

“जन्मभर ओरडले ह्यांच्यावर, घर घाण करता म्हणून.”

“आपा, मासा?”

“दे. सगळ्यात जास्त घाण करणारा दे.”